दाराबाहेरच्या सपाता

हाविर्झोव्हमधल्या ज्या वसाहतीत योलाना आणि वेंदुला या बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथल्या सगळ्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या आहेत. इमारतींचं जे, तेच मजल्यांचं. लिफ्टमधून चुकून एक मजला आधी उतरलं, तरी दार तेच, पायपुसणं तेच, भिंतीचा फिकट हिरवा रंगही तोच. त्यामुळे तिथली मुलं दारावरचे आकडे वाचण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ती दाराबाहेरचे जोडे बघतात. या बहिणींच्या घरी शिस्त अशी, की बाहेरून आल्यावर बूट दाराबाहेर काढायचे, सपाता चढवायच्या आणि मगच उंबरा ओलांडायचा. बाहेर जाताना सपाता तिथेच ठेवून जायच्या. वेंदुला बालवाडीत असताना एकदा शेजारच्या इमारतीत शिरली होती. सगळे मजले चढून-उतरून झाल्यावर, लाल चौकड्यांच्या सपाता कुठेच नाहीत म्हणून, आपलं घर कुणीतरी उचलून नेलं असं सांगत ती जिन्यात रडत बसली होती. हा किस्सा घरात दर नाताळला निघतो आणि वेंदुला दर नाताळला रुसते.

आता वेंदुला तेरा वर्षांची होती आणि योलाना ब्रनोला शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. नोव्हेंबरातल्या एका शनिवार-रविवारी बुडापेस्टला जायचं योलानाने ठरवलं, कारण बसचं तिकीट इतकं स्वस्त होतं की न जाणं म्हणजे नुकसान. सोबत येणारी मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली आणि वेंदुलाने हट्ट धरला. आई इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिने दोन अटी घातल्या. वेंदीला डोळ्याआड करायचं नाही आणि सपाता न्यायच्या. योलाना म्हणाली, की एवढ्याशा पिशवीत कपडे मावत नाहीत, आणि बुडापेस्टला सपाता कोण नेतं. त्यावर आईने विचारलं, परक्याच्या घरात काय मोज्यांवर फिरणार? विषय तिथेच संपला. सपाता आल्या आणि त्यांच्याबरोबर पावात घातलेले तळलेल्या मांसाचे कापही आले. बसभर त्यांचा वास पसरला. पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं, तेव्हा वेंदुलाने त्याला एक काप देऊ केला आणि त्याने तो घेतलाही.

खोली जुन्या वस्तीतल्या एका घरात होती. त्या भागातली घरंही एकमेकांची भावंडं. रस्त्याला लोखंडी जाळीचं फाटक, मग अंधारी कमान, मग चौकोनी अंगण आणि अंगणाभोवती प्रत्येक मजल्याला कठड्याची गॅलरी. सगळ्यांची दारं गॅलरीत उघडतात. गिलावा पडलेला, विटा दिसतात. यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, फाटकाच्या बरोबर समोर. मालकाने किल्ली फाटकाजवळच्या छोट्या पेटीत ठेवली होती; तो स्वतः भेटलाच नाही. शुक्रवारी संध्याकाळी दारापाशी पोचताच वेंदुलाने कोणी न सांगता बूट काढले, सपाता घातल्या आणि आत गेली.

शनिवारी सकाळी वेंदुला अंघोळ करत असताना योलाना गॅलरीत उभी होती. शेजारच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली आणि बोटाने दाराबाहेरचे बूट दाखवून हंगेरियनमध्ये काहीतरी म्हणाली. योलानाचा चेहरा बघून तिने भाषा बदलली. म्हातारी हंगेरीतल्याच चाबा भागातली, पिढ्यांपूर्वी तिथे वसलेल्या स्लोव्हाकांपैकी होती. लग्न होऊन इथे आलेली, आणि तिची स्लोव्हाक शंभर वर्षांपूर्वीच्या पेटीतून काढल्यासारखी. पण चेक माणसाला ती कळत होती.

"भायेर काय बी ठिवू नगंस, पोरी," ती म्हणाली. "हितं जोडं ठिवलं की लोकांस्नी कळतं, आत कोण हाय, किती हायत."

योलानाने हसून मान डोलावली. नाव विचारलं तर म्हातारी म्हणाली, सगळे झुझा नेनी म्हणतात, म्हणजे झुझाकाकू. थोड्या वेळाने बाहेर पडताना योलानाने वेंदुलाला हा सल्ला त्याच जुन्या सुरात म्हणून दाखवला. वेंदुला खूप हसली आणि सपाता मुद्दाम नीट जोडीने, बोटं बाहेरच्या दिशेने करून, दाराशी ठेवून आली.

दुपारपर्यंत दिवस चांगला गेला. नदीवर धुकं होतं, पूल अर्धाच दिसत होता. वेंदुलाने किल्ल्याचे, सिंहांचे आणि स्वतःचे इतके फोटो काढले की तिचा फोन बंद पडला. खिशात मावणारा बॅटरीचा चार्जर एकच होता. योलानाने तिचा फोन त्याला जोडून आपल्या पाठपिशवीत टाकला. पिवळी लोकरी टोपी घातलेली वेंदुला लांगोश, म्हणजे लसूण चोळलेली तळलेली पोळी, खात चालत होती आणि लसणाच्या हाताने बहिणीचा दंड धरत होती. योलानाने दोनदा तो हात झटकला.

रिंग रस्त्यावरच्या थांब्यावर ट्राम आली तेव्हा गर्दी होती. लग्नाआधीची मजा करायला आलेला टोप्या घातलेल्या पुरुषांचा एक घोळका मध्ये घुसला. योलाना आत चढली, वळली, तर वेंदुला खालीच. दार बंद झालं. काचेपलीकडे वेंदुला आधी हसली, बहीण गंमत करते आहे अशा समजुतीने. मग ट्राम हलली आणि तिचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. योलानाने हाताने 'थांब तिथेच' अशी खूण केली. वेंदुलाने ती कशी घेतली, हे तिला कळलं नाही.

पुढच्या थांब्यावर ती उतरली, रस्ता ओलांडला आणि उलट्या ट्रामने परत निघाली. वाटेत समोरून एक ट्राम गेली. तिच्या खिडकीत पिवळं काहीतरी होतं. पहिल्या थांब्यावर वेंदुला नव्हती. योलाना पुन्हा पुढच्या थांब्यावर गेली. तिथेही नव्हती. त्यापुढच्याही थांब्यावर नव्हती.

पहिला काही वेळ तिला नुसता राग आला. राग बरा असतो, त्यात हातपाय चालतात. ती मनातल्या मनात वेंदुलाला झापत राहिली, की बावळट, खांबासारखी एका जागी उभी राहता येत नाही का. मग धुक्यात रस्त्यावरचे दिवे लागले, आणि तिच्या लक्षात आलं की वेंदुलाकडे फोन नाही, आईचा नंबर तिला पाठ नाही आणि खोलीचा पत्ता तिला ठाऊकच नाही. तो फक्त योलानाच्या फोनमध्ये होता. वेंदुलाने आपण कुठे राहतो हे कधी विचारलंच नव्हतं. ती नुसती मागे मागे चालत आली होती. त्यानंतर तिला जिथे तिथे पिवळं दिसू लागलं. एक छत्री, एक पिशवी, दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी. त्या मुलीचा तिने खांदा धरून तिला वळवलं. तिच्या आईने योलानाकडे असं पाहिलं की ती माफी मागायचंही विसरली.

चौकात दोन पोलीस होते. ते सभ्यपणे वागले, तोडक्या इंग्रजीत सगळं विचारलं, फोटो घेतला, बिनतारीवर बोलले. मग त्यांतला वयस्कर पोलीस म्हणाला, की मुलं बहुतेक वेळा घरीच परत येतात, तेव्हा तुम्ही राहत्या जागी जाऊन थांबा. तिला घर ओळखता येतं ना? योलाना हो म्हणाली.

राहत्या रस्त्याला वळल्यावर ती धावतच सुटली. फाटकं एकामागून एक सारखीच होती. सकाळी आपण हे कसं पाहिलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. तिलासुद्धा फोनमध्ये बघूनच घर ओळखावं लागलं. फाटकाशी कोणी नव्हतं. कमानीतही नव्हतं. ती जिना चढून वर गेली, खोली उघडली. पलंगावर वेंदुलाचा रात्रीचा सदरा उलटा पडला होता. तिने तो सुलटा केला आणि घडी घालून उशीवर ठेवला.

तोवर तिने आईला फोन केला नव्हता. आता सापडेल, मग सांगू, असं करत दुपार सरली होती. आता तिने केला. पलीकडे इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती.

"आई, वेंदी हरवलीय."

भांड्यांचा आवाज लांब गेला. आई कुठल्यातरी कोपऱ्यात गेली असावी.

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"आणि मला आत्ता सांगतेस."

योलानाने ट्राम, फोन, पोलीस असं सगळं एका दमात सांगून टाकलं. आईने मध्ये एकदाही टोकलं नाही. तेच जास्त भीतीदायक होतं.

"तिच्या सपाता कुठेत?" आईने विचारलं.

"आई, मी काय सांगतेय, आणि तुला सपाता..."

"ती आकडा नाही वाचायची, योल्चा. जन्मात वाचला नाही तिने. ती घराघरात डोकावेल आणि सपाता शोधेल. बाहेर आहेत ना?"

योलाना दारात गेली. दाराबाहेर काही नव्हतं. सपातांच्या जागी नुसती फरशी होती. तीही बाकीच्या गॅलरीसारखी धुक्याने ओलसर झाली होती. क्षणभर तिला वाटलं, वेंदुला येऊन सपाता घालून गेली. पण कुठे जाईल सपाता घालून? मग दुसरं वाटलं, की कोणीतरी नेल्या, म्हणजे कोणीतरी इथे, या दाराशी, येऊन उभं होतं. तिने मागे वळून खोलीत पाहिलं, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. फोनमधून आई हाका मारत होती. फोन तसाच हातात धरून तिने शेजारचं दार ठोठावलं.

झुझा नेनीने दार उघडलं. आत शेगडीजवळ वर्तमानपत्रावर सपातांचे दोन जोड मांडलेले होते. एक निळा, एक लाल चौकड्यांचा.

"सांगितलं व्हतं ना तुला," म्हातारी म्हणाली. "दुपारीच आत घेतल्या. भिजल्या असत्या. न्हायतर कुणी उचलल्या असत्या."

योलानाने लाल जोडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, या माझ्या बहिणीच्या आहेत, ती इथे आली होती का? म्हातारीला बहीण ठाऊकच नव्हती. सकाळी तिने फक्त योलानाला पाहिलं होतं. ती विचार करत राहिली आणि मग तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"पिवळी टोपी?"

हो, पिवळीच, असं योलाना म्हणाली.

म्हातारीने सांगितलं ते असं. दिवे लागायच्या सुमारास एक पोरगी फाटकाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि वर बघत होती. बराच वेळ. म्हातारीला वाटलं, जाहिरातींचे कागद टाकणाऱ्यांपैकी असेल. तिने कठड्यावरून हंगेरियनमध्ये ओरडून विचारलं, काय पाहिजे. पोरगी दचकली, पुन्हा एकदा वर पाहिलं आणि निघून गेली.

म्हणजे वेंदुला बरोबर इथे आली होती. जाळीतून तिने समोरचं दार पाहिलं होतं, दाराशी काही नाही हे पाहिलं होतं, आणि हे आपलं घर नव्हे असं ठरवून ती पुढच्या फाटकाकडे गेली होती.

योलाना सपाता घेऊन बाहेर धावली. दाराशी ठेवल्या, जोडीने, बोटं बाहेरच्या दिशेने. पण गॅलरीतला दिवा आपोआप विझणारा होता, आणि तो विझला की समोरच्या बाजूला नुसता काळोख. झुझा नेनीने न बोलता आपल्या स्वयंपाकघरातला दिवा लांब वायरीसकट बाहेर आणला आणि सपातांच्या शेजारी फरशीवरच ठेवला. लाल चौकड्या खालून उजळल्या. योलाना रस्त्यावर शोधायला निघाली तेव्हा म्हातारीने तिचा दंड धरला.

"तू हितंच ऱ्हा. पुन्हा चुकामूक झाली म्हंजी? मी जाते फाटकाशी. म्याच हाकलली तिला."

तिने शाल गुंडाळली आणि कठडा धरत धरत खाली गेली. योलाना दिव्यापाशी बसून राहिली. हे बसणं शोधण्यापेक्षा कठीण होतं. फाटकावरून कोणी गेलं की जाळीवर सावली पडायची आणि सरकून जायची. फोन चालूच होता. मध्येच आईने हलक्या आवाजात विचारलं, दिवा आहे ना लावलेला? योलाना हो म्हणाली. योलानाला सारखा तो लसणाचा हात आठवत होता, झटकलेला.

एक सावली जाळीशी थांबली आणि सरकली नाही. फाटकाच्या कुलपाचा आवाज आला. मग झुझा नेनी खालून ओरडली.

"पिवळी टोपी! हीच का गं तुझी?"

जिन्यात पावलं वाजली, आधी हळू, मग भराभर. वेंदुला गॅलरीच्या टोकाला दिसली. तिचं नाक लाल झालं होतं, टोपी एका कानावर आली होती. ती धावत आली, पण बहिणीच्या गळ्यात पडायच्या आधी दाराशी थांबली, बूट काढले, सपातांत पाय घातले, आणि मग रडायला लागली.

"तिच्या पायात काय आहे?" आईने फोनवर विचारलं.

"सपाता."

"बरं," आई म्हणाली. मग फोन कोणाकडे तरी दिला गेला, कारण पलीकडे एक अनोळखी बाई सांगू लागली, की तुमची आई जरा बसली आहे, पाणी देतोय, करेल ती नंतर.

योलानाने पोलिसांना कळवलं. झुझा नेनीने लसूण घातलेलं सूप आणून दिलं, वेंदुलाच्या डोक्यावरची टोपी स्वतःच्या हाताने काढून खोलीतल्या शेगडीपाशी वाळत घातली आणि जाताना म्हणाली, की जेवा आणि आता बाहेरचं सगळं आत घ्या. योलाना हो म्हणाली, पण उठली नाही. दोघींचे बाहेर काढलेले बूट आणि दिव्यापाशी राहिलेला तिचा निळा जोड, सगळं तिने तसंच गॅलरीत राहू दिलं. जिच्या जोरावर पोरगी घरी आली, ती रीत त्याच संध्याकाळी मोडावी, हे तिला बरं वाटेना.

वेंदुला सूप पीत होती. मग चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "मी एका दुसऱ्याच घरात गेले होते."

योलानाने तिच्याकडे पाहिलं.

"या रस्त्याला नाही, मागच्या. फाटक उघडंच होतं. वर एका दाराशी लाल काहीतरी दिसलं. मला वाटलं आपलंच. वर गेले तर लाल होतं खरं, पण बुटांचा जोड होता, बायकांचा. मी परत वळणार तेवढ्यात दार उघडलं. मी ठोठावलं पण नव्हतं."

"कोण होतं?"

"एक माणूस. हसला. हातानं म्हणाला, ये, आत ये. तिकडे टेबलावर फोन होता, तो दाखवला. म्हणजे फोन करायचा तर कर, असं. मी जाणारच होते, योल्चा. खरंच जाणार होते. खूप थंडी वाजत होती. मी बूट काढायला खाली वाकले आणि त्याचे पाय दिसले. घरात बूट घालून उभा होता. चिखलाचे. गालिच्यावर."

"मग?"

"मग मला वाटलं, हे त्याचं घर नाहीये. आपल्या घरात असं कोण उभं राहतं? मी पळाले."

इथे लोक घरात बूट घालत असतीलही, तो माणूस भलाही असेल, खरोखरच फोन करू देणार असेल, हे सगळं योलानाच्या मनात आलं. त्याने तिची भीती कमी झाली नाही.

"तो मागे आला?"

"जिन्यापर्यंत आला. खालीपण आला वाटतं, फाटकाचा आवाज झाला. मी वळून नाही बघितलं."

"इथे येईपर्यंत एकदाही नाही?"

वेंदुलाने नकारार्थी मान हलवली.

योलाना उठली. दार किंचित उघडून तिने बाहेर पाहिलं. झुझा नेनीचा दिवा अजून फरशीवर जळत होता आणि सगळ्या अंगणात तेवढंच एक दार उजळलेलं होतं. समोर, खाली, फाटकाची जाळी काळी दिसत होती. तिच्यापलीकडे कोणी उभं आहे की नाही, ते इथल्या उजेडातून कळत नव्हतं. तिकडून मात्र इथलं सगळं कळत होतं, की बुटांचे दोन जोड, दोन्ही लहान पायांचे, आणि शेजारी एक निळ्या सपातांचा.

तिने वाकून आधी दिवा विझवला. मग अंधारात चाचपडत एक एक करून सगळं आत ओढलं, कडी घातली आणि दाराला खुर्ची लावली. वेंदुलानेही पायातल्या सपाता काढल्या. घराच्या आत सपाता कुठे ठेवतात, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. थोडा वेळ तो लाल जोड हातात धरून वेंदुला खोलीच्या मधोमध उभी राहिली. मग ती तो पांघरुणात घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली.